‘वेडाचे कारण’ या रकान्याचा इतिहास : गांजा, चित्तविकृती आणि मनोरुग्ण परिचर्या

प्रस्तावना

मनोरुग्ण परिचर्येच्या अध्यापनात चित्तविकृती, म्हणजेच सायकोसिस, आणि मादक पदार्थांचे सेवन हे विषय बहुधा दोन स्वतंत्र प्रकरणांत शिकविले जातात. प्रत्यक्ष वॉर्डात मात्र ते अनेकदा एकाच रुग्णाच्या ठायी एकत्र येतात. कानात आवाज ऐकू येणारा, शेजारी आपल्या जिवावर उठले आहेत अशी खात्री बाळगणारा आणि गांजा ओढणारा तरुण दाखल होतो, तेव्हा नातेवाइकांपासून पोलिसांपर्यंत सर्वांच्या मनात एकच प्रश्न असतो : नशेमुळे वेड लागले, की वेडामुळे नशा जडली? हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात त्याची शासकीय पातळीवर सविस्तर चौकशी झाली होती. त्या चौकशीचा आढावा घेऊन, आजच्या परिचर्येने तिच्यातून काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८५८ च्या ३६ व्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांना कायदेशीर चौकट मिळाली. मुंबई इलाख्यात पुढे कुलाबा, पुणे, रत्नागिरी, अहमदाबाद, धारवाड आणि सिंधमधील हैदराबाद येथे अशी इस्पितळे होती. रस्त्यावर भटकताना आढळलेल्या वा धोकादायक वाटलेल्या इसमास पोलीस मॅजिस्ट्रेटपुढे उभे करीत आणि तेथून त्याची रवानगी इस्पितळात होई. त्याच्याबरोबर एक वर्णनपत्र येई. नाव, जात, वय, धंदा यांबरोबरच त्यात वेडाच्या कारणाचीही नोंद असे, आणि तीच पुढे इस्पितळाच्या नोंदवहीत उतरे.

बऱ्याचदा रुग्णाचे नातेवाईक हजर नसत. भटका बैरागी वा फकीर असेल, तर त्याचा पूर्वेतिहास सांगणारे कोणीच नसे. अशा वेळी ‘अज्ञात’ असे लिहिण्यापेक्षा ‘गांजा’ लिहिणे सोयीचे होते. अशा नोंदींची वर्षानुवर्षे बेरीज होऊन वार्षिक अहवालांत गांजा हे वेडाचे एक प्रमुख कारण ठरले. या आकड्यांचा आधार घेऊन हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत, अशा आशयाचे विधान ब्रिटिश संसदेत झाले. २ मार्च १८९३ रोजी कॉमन्स सभागृहात मार्क स्ट्युअर्ट या सभासदाने बंगालमधील गांजाविषयी प्रश्न विचारला. त्याची परिणती म्हणून जुलै १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले.

आयोगाची चौकशी

आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षीदारांचे जबाब घेतले. गांजाची लागवड, विक्री, अबकारी कर, धार्मिक व सामाजिक चाली अशा अनेक अंगांनी माहिती गोळा केली. मुंबई इलाख्यात तत्कालीन अहमदनगर जिल्हा गांजाच्या लागवडीसाठी ओळखला जात असल्याने हा इलाखाही चौकशीत महत्त्वाचा होता. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने आयोगाचे सर्वांत मोलाचे काम वेगळेच आहे. छापील तक्त्यांवर विसंबून न राहता, १८९२ या एका वर्षात इस्पितळांत दाखल झालेल्या ज्या रुग्णांच्या वेडाचे कारण गांजा, चरस वा भांग असे नोंदविले गेले होते, त्या प्रत्येकाची आयोगाने फेरतपासणी करविली. रुग्ण जेथून आला त्या ठिकाणी जाऊन चौकशी झाली.

या तपासणीचा निष्कर्ष धक्कादायक होता. १८९२ मध्ये एकूण १३४४ रुग्ण दाखल झाले होते. त्यांपैकी २२२ जणांच्या, म्हणजे सुमारे १६.५ टक्के रुग्णांच्या वेडाचे कारण मादक हेम्प असे नोंदविलेले होते. फेरतपासणीनंतर केवळ ९८ रुग्णांच्या बाबतीत हे कारण ग्राह्य धरता आले. त्यातही ६१ जणांच्या बाबतीत हेम्प हे एकमेव कारण होते, तर ३७ जणांच्या बाबतीत इतर कारणांच्या जोडीने. म्हणजेच १६.५ टक्क्यांचे प्रमाण ७.३ टक्क्यांवर आले. उरलेल्या १२४ माणसांच्या आजारावर चुकीची चिठ्ठी चिकटविली गेली होती, वा निदान ती खरी मानण्यास पुरेसा आधार नव्हता.

निष्कर्ष आणि त्यांच्या मर्यादा

१८९४ च्या अहवालात आयोगाने म्हटले, की मर्यादित सेवनाने मनावर अपायकारक परिणाम होत नाही. अतिसेवन मात्र मानसिक अस्थिरता दर्शविते आणि ती वाढविते. गांजामुळे वेड लागते या समजुतीत अतिशयोक्ती आहे. तथापि काही वेळा त्यामुळे वेड लागते, हेही आयोगाने नाकारले नाही. अतिरेकी सेवन हे आजाराचे कारण नसून त्याचे प्रारंभीचे लक्षणही असू शकते, हे आयोगाचे निरीक्षण विशेष उल्लेखनीय आहे.

या अहवालाचे वाचन पुढे दोन टोकांनी झाले. गांजा निरुपद्रवी आहे असे मानणाऱ्यांनी त्याचा पहिला भाग उचलला, तर बंदीच्या पुरस्कर्त्यांनी अबकारी उत्पन्नावर नजर ठेवणाऱ्या सरकारचा अहवाल म्हणून तो दुर्लक्षिला. अबकारी हितसंबंध विसरून चालणार नाही, हे खरेच. शिवाय इस्पितळापर्यंत न पोहोचलेले रुग्ण या गणतीत नव्हते, आणि आजची निदानपद्धतीही तेव्हा नव्हती. छिन्नमनस्कतेसाठी ‘स्किझोफ्रेनिया’ ही संज्ञा ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये मांडली. त्यामुळे ६१ हा आकडा अंतिम सत्य म्हणून वापरणे जसे चूक, तसेच संपूर्ण अहवाल बाजूला सारणेही चूक होय.

नंतरच्या संशोधनाने प्रश्न अधिक नेमका केला. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४५ हजारांहून अधिक स्वीडिश सैन्यभरती तरुणांच्या अभ्यासात, पन्नासहून अधिक वेळा गांजावर्गीय पदार्थ घेतलेल्यांत छिन्नमनस्कतेचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारे सहापट आढळले. म्हणजे धोका खरा आहे. परंतु सेवन करणाऱ्या बहुसंख्यांना हा आजार होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९२ मध्ये प्रकाशित केलेल्या दहाव्या वर्गीकरणानुसार मादक पदार्थजन्य चित्तविकृती साधारणतः एका महिन्यात काही अंशी तरी ओसरते आणि सहा महिन्यांत पूर्ण बरी होते. लक्षणे त्यापुढेही टिकली, तर निदानाचा पुनर्विचार करावा लागतो.

परिचर्येच्या दृष्टीने अर्थ

या इतिहासाचे मर्म असे, की कारण हे दाखल करतेवेळी एका क्षणात ठरविण्याची गोष्ट नाही. ते काळाच्या ओघात उलगडते. आणि तो काळ रुग्णाजवळ घालविणारी व्यक्ती म्हणजे परिचारिका होय. जुन्या इस्पितळांत रात्रंदिवस रुग्णासोबत असणारा वॉर्डर प्रशिक्षित नव्हता आणि कारणमीमांसेत त्याच्या निरीक्षणाला फारसे स्थान नव्हते. स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली आणि पुढे तेथे मनोरुग्ण परिचर्येचे पदविका शिक्षण मिळू लागले. तेव्हा ही उणीव भरून निघण्यास प्रारंभ झाला.

दारूच्या रुग्णाचे उदाहरण घ्यावे. शेवटचा प्याला घेतल्यानंतर साधारण दोन ते तीन दिवसांनी हातापायांना कंप, घाम, ताप, स्थळकाळाचे भान सुटणे आणि डोळ्यांपुढे किडे-मुंग्या दिसणे अशी लक्षणे सुरू झाली, तर तो डेलिरियम ट्रेमेन्स असू शकतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. छिन्नमनस्कतेत भान सहसा शाबूत असते आणि भास मुख्यतः आवाजांचे असतात. हा भेद उपचारांची दिशा बदलतो. म्हणून शेवटचे सेवन केव्हा झाले, आधी काय सुरू झाले, नशा नसतानाच्या दिवसांत लक्षणे होती काय, हे प्रश्न रुग्णास, त्याच्या आईस, भावास, शेजाऱ्यास वेगवेगळे विचारून तारीखवार नोंदविणे, हे परिचारिकेचे केवळ लिखापढीचे काम नसून प्रत्यक्ष उपचारांचाच भाग आहे.

समारोप

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व मादक पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येतच समावेश केला आहे. ‘हा तर नशेखोर’ म्हणून कोणास दारातून परत पाठविण्यास त्यामुळे कायद्याचा आधार उरलेला नाही. तरीही ‘नशेमुळे’ हा शब्द केसपेपरवर आजही घाईने लिहिला जाऊ शकतो. १८९२ च्या त्या १२४ माणसांची नावे आज आपणांस ठाऊक नाहीत. परंतु त्यांच्या नोंदी पुन्हा तपासून पाहण्याइतका संशय कोणीतरी बाळगला, म्हणून चूक उघडकीस आली. विद्यार्थिनींना केस हिस्टरी शिकविताना हा इतिहास सांगितला, तर ‘कारण’ या रकान्यात काही काळ ‘निरीक्षण चालू’ असे लिहिण्याचे धैर्य त्यांच्यात येईल. रुग्णाच्या दृष्टीने ते धैर्य अतिशय मोलाचे आहे.