रिकाम्या हातांचा नाताळ

आगमनकाळाचा पहिला रविवार आला की ख्रिस्ती घरात दोन तयाऱ्या एकाच वेळी सुरू होतात. एक अंतःकरणाची आणि दुसरी पैशाची. पहिलीविषयी आम्ही धर्मगुरू दर वर्षी वेदीजवळून बोलतो. दुसरीविषयी घरातली माणसे रात्री, मुले झोपल्यावर, हलक्या आवाजात बोलतात. लेकरांचे कपडे, फराळाचे सामान, माहेरी येणाऱ्या लेकीची साडी, दारावरची चांदणी, सणाच्या दिवसाचे मटण असा हिशेब मांडला जातो. आणि ज्या घरातल्या कर्त्या माणसाची नोकरी गेली आहे, त्या घरात तो हिशेब कधीच जुळत नाही. अशी कुटुंबे मग मध्यरात्रीच्या मिस्सेला येत नाहीत. विचारले तर लेकराला ताप होता, असे उत्तर मिळते. खरे कारण नव्या कपड्यांचे असते, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही.

ही लाज आपल्या समाजात मुळापासून होती काय? मराठवाड्यातील ख्रिस्तसभेचा इतिहास चाळला असता आम्हांला वेगळेच चित्र दिसते. हाताला काम नसताना नाताळ साजरा करण्याची परंपरा आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे.

प्रारंभ मात्र बेथलेहेमपासूनच करावा लागतो. संत लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणीच्या कथेनंतर थोड्याच ओळींनी एक लहानसा तपशील येतो, त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. बालयेशूला मंदिरात नेले तेव्हा मरिया व योसेफ यांनी पक्ष्यांची जोडी अर्पण केली. मोशेच्या नियमाप्रमाणे बाळंतिणीने कोकरू अर्पण करायचे असे. परंतु जिची ऐपत नसेल तिच्यासाठी लेवीय ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात दोन पारव्यांची किंवा दोन होल्यांची सवलत दिलेली आहे. पवित्र कुटुंबाने ती सवलत घेतली. कोकरासाठी कर्ज काढले नाही आणि मंदिरात जाण्याचेही टाळले नाही. गरिबांसाठी नियमात ठेवलेली जागा ही गरिबांच्या हक्काची जागा आहे, हे योसेफ सुताराने आपल्या कृतीने दाखवून दिले.

आता आपल्या भूमीकडे येऊ. आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्याचा, मुलूख १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. फ्रान्समधील सव्हॉय प्रांतात १८३८ साली स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या मिशनरी संघाचे धर्मगुरू नागपूरहून या भागात उतरले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात. वैजापूर-गंगापूर पट्ट्यातील घोगरगाव हे त्यांच्या कार्याचे मूळ ठाणे. तेथील फादर गुरियन जाकियर यांचे नाव या पंचक्रोशीत आजही आदराने घेतले जाते. मिशन नुकतेच उभे राहत होते आणि १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्यातून सावरावे तोच १८९९-१९०० चा, जुनी माणसे ज्याला ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणत, तो महादुष्काळ कोसळला. मिशनकडे आलेली माणसे बहुतांशी गावकुसाबाहेरची, बिनजमिनीची होती. शेतात पीक नाही म्हणजे त्यांना बलुते नाही, मजुरी नाही.

अशा काळात मिशनचे धान्य हाच अनेकांचा आधार झाला. या धान्याने माणसे जगली, आणि त्याच धान्याने ‘पोटासाठी धर्म बदलला’ हा टोमणाही त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या वाट्याला आला. उपाशी माणसाला भाकरी देणे हे ख्रिस्ताच्या आज्ञेचे पालनच होते, याविषयी आमच्या मनात शंका नाही. तरीही घेणाऱ्याच्या मनावर दानाचे ओझे राहते, ही गोष्ट नाकारता येत नाही. आज मदतीचे नाव काढताच आपली कित्येक माणसे अंग चोरतात. त्यामागे हा जुना टोमणा आहे.

परंतु त्या काळाने आणखी एक वारसा दिला. खेड्यातील नाताळ हा एकेका घराचा खर्च नव्हताच. तो वस्तीचा सण होता. मिशनच्या मास्तरांनी मुलांकडून गीते बसवून घ्यावीत, भजनी मंडळाने टाळ-मृदंगावर रात्र जागवावी, ज्याच्याकडे जे असेल ते त्याने द्यावे. कोणी पायलीभर ज्वारी, कोणी गूळ, कोणी केवळ सरपण. पंगत एकच बसे. ज्याने सरपण आणले तो आणि ज्याने धान्य दिले तो, दोघे एकाच ओळीत जेवत. कोणाच्या घरी किती शिजले, हा प्रश्नच तेथे उद्भवत नसे.

या परंपरेची खरी कसोटी १९७२ साली लागली. पाऊस सलग कमी पडत गेला होता आणि त्या वर्षी खरीप व रब्बी दोन्ही हातचे गेले. शासनाने दुष्काळी कामे काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, आणि सर्वांत जास्त आठवण राहिली ती खडी फोडण्याची. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभरच्या दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. परदेशातून आलेली लाल ‘मिलो’ ज्वारी खाऊन आणि कामावर मिळणारी सुकडी लेकरांच्या हातावर ठेवून माणसांनी वर्ष काढले. १९७२ चा नाताळ असा खडीच्या ढिगाऱ्यांमध्ये आला. कपडे नवे नव्हते. सुकडीची चव मात्र गोड होती, आणि त्या वर्षी अनेक घरांत तेच नाताळचे गोडधोड झाले, असे वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकत आलो आहोत. ज्यांनी हे सांगितले त्यांच्या स्वरात आम्हांला लाज जाणवली नाही. सगळ्यांचीच ती स्थिती होती, आणि जे खाल्ले ते स्वतःच्या घामाचे होते.

या दुष्काळातून महाराष्ट्राने एक फार मोठी गोष्ट उभी केली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ साली ज्या कल्पनेचा प्रयोग करून पाहिला होता, ती रोजगार हमी योजना राज्यभर आली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्या प्रौढास पंधरा दिवसांत काम द्यावे. देता आले नाही तर बेकारी भत्ता द्यावा. स्त्री व पुरुष यांना सारखीच मजुरी द्यावी, असे तो कायदा सांगत होता. भत्ता होता दिवसाला किमान एक रुपया, आणि तोही प्रत्यक्षात क्वचितच कोणाच्या हातात पडला. तरी त्यामागचे तत्त्व मोठे होते. या योजनेसाठी शहरातील नोकरदारांवर १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. शहरातल्या कारकुनाच्या पगारातील काही रुपये खेड्यातील बेकाराच्या चुलीपर्यंत पोहोचावेत, अशी ती व्यवस्था होती. पुढे २००५ साली केंद्र शासनाने सर्व देशासाठी असा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव पुढे होता.

याच सुमारास, १९८१ साली, परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी मानवी श्रमाविषयीचे आपले परिपत्रक प्रसृत केले. बेकारांना व त्यांच्या कुटुंबांना निर्वाहासाठी साहाय्य देणे हे समाजाचे नैतिक कर्तव्य आहे, कारण सृष्टीतील संपत्ती सर्वांच्या उपयोगासाठी आहे आणि जगण्याचा हक्क सर्वांचा आहे, अशी शिकवण त्यांनी त्यात दिली. मंदिरातील पारव्यांच्या जोडीमागे जे तत्त्व होते, तेच येथे आहे.

आपल्या समाजाला या हमीचे मोल विशेष होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित झाल्या. पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेले बांधव मात्र बाहेरच राहिले. बाप्तिस्म्याबरोबर दारिद्र्य धुऊन निघाले नव्हते, तरी सवलत गेली. खडी फोडणाऱ्याला मात्र कोणी धर्म विचारत नसे. हजेरीपटावर नाव असले की पुरे.

मग लाज आली कोठून? आमच्या मते ती उचल आणि हप्ता यांच्या वाटेने आली. कोरडवाहू मुलखातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांत आपलीही कुटुंबे आहेत. नाताळ त्यांना साखर कारखान्याच्या आवारातील कोपीत गाठतो. सणासाठी पुन्हा उचल घेतली की ती पुढच्या हंगामावर चढते. एका दिवसाच्या सणाची फेड वर्षभर कोयत्याने करावी लागते.

शहरात कारण वेगळे झाले. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला, आणि घोगरगाव-बिडकीन परिसरातील मुले पगारदार झाली. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा शहरात मूठभर असलेली आपली कुटुंबे वाढली. नियमित पगार आला ही देवाची कृपाच. पण पगाराबरोबर पंगत मोडली. प्रत्येकाचा नाताळ आपापल्या दाराच्या आत गेला, आणि शेजाऱ्याच्या चांदणीशी आपल्या चांदणीची तुलना सुरू झाली. चितेगावला मोठा कारखाना असलेली व्हिडिओकॉन कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, २०२० मध्ये टाळेबंदी आली. तेव्हा ज्यांचा पगार थांबला ते आपापल्या दाराआड एकटे पडले.

कामगार विमा महामंडळाने जुलै २०१८ पासून बेकार झालेल्या विमाधारकासाठी ९० दिवसांपर्यंत भत्त्याची योजना सुरू केली होती. आधी तो वेतनाच्या २५ टक्के होता, २०२० साली ५० टक्के झाला. आपल्या किती कामगारांनी अर्ज केला? पुष्कळांना योजना ठाऊक नव्हती. कंत्राटी कामगारांपैकी अनेकांचा विमाच उतरवलेला नव्हता. आणि ज्यांना ठाऊक होते त्यांतल्याही काहींना अर्ज करणे म्हणजे हात पसरणे वाटले. मिशनच्या धान्याचा तो जुना टोमणा अजून बोचत होता.

इतिहासाचा धडा आम्हांला असा दिसतो. हक्काचे साहाय्य मान ताठ ठेवून घ्यावे. योसेफाने घेतले तसे. सणासाठी सावकाराकडून किंवा मुकादमाकडून पैसा घेऊ नये. मुलांना खरी परिस्थिती सांगावी, मुले आपण समजतो त्याहून अधिक समजूतदार असतात. आणि मोडलेली पंगत पुन्हा मांडावी. पॅरिसमध्ये १८३३ साली तरुण फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या मित्रांनी संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावाने जे कार्य सुरू केले, त्याचे वैशिष्ट्य हेच होते की गरिबाला दारात उभे करायचे नाही, आपण त्याच्या घरी जायचे.

धर्मग्रामातील महिला बचत गटांनी नाताळसाठी जूनपासूनच भिशी लावावी. फराळ चर्चच्या आवारात एकत्र व्हावा. ज्याच्याकडे रवा आहे त्याने रवा आणावा, ज्याच्याकडे फक्त दोन हात आहेत त्याने करंज्या लाटाव्यात, आणि डबा सर्वांच्या घरी सारखाच जावा. मग कोणी दिले आणि कोणी घेतले, हे कोणाला कळणार नाही, आणि कळण्याची गरजही नाही. येत्या नाताळच्या रात्री जुन्या कपड्यांतील एखादे कुटुंब मागच्या दारातून संकोचाने आत आले, तर पुढच्या बाकावरील कुटुंबाने थोडे सरकून त्यांना जागा करून द्यावी. बेथलेहेमच्या धर्मशाळेत मिळाली नाही ती जागा आपल्या मंदिरात तरी मिळायलाच हवी.