पेज, सॅचेल
(७ जुलै १९०६–८ जून १९८२). विख्यात अमेरिकन कृष्णवर्णीय बेसबॉलपटू व श्रेष्ठ गोलंदाज. पूर्ण नाव लेरॉय रॉबर्ट पेज. जन्म अ‍ॅलाबामा राज्यातील मोबील येथे, एका गरीब कुटुंबात. लहानपणी रेल्वे स्थानकावर प्रवाशांच्या पिशव्या वाहण्याच्या कामावरून त्याला ‘सॅचेल’ म्हणजे पिशवी हे टोपणनाव मिळाले, असे सांगितले जाते. किरकोळ चोरीवरून १९१८ मध्ये त्याची माउंट मेग्ज येथील सुधारशाळेत रवानगी झाली. तेथील सु. पाच वर्षांच्या वास्तव्यात त्याने गोलंदाजीचे पद्धतशीर शिक्षण घेतले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. ही बंदी कोणत्याही नियमात लिहिलेली नव्हती. संघमालकांनी ती संकेत म्हणून पाळली. परिणामी १९२० पासून कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र ‘निग्रो लीग’ स्पर्धा सुरू झाल्या. पेजने १९२६ मध्ये चॅटनूगा येथे व्यावसायिक खेळास प्रारंभ केला. पुढे बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स व पिट्सबर्ग क्रॉफर्ड्‌स या संघांकडून तो खेळला. अचूक टप्पा, प्रचंड वेग आणि चेंडू सोडण्यापूर्वी क्षणभर थबकून फलंदाजाला चकविण्याची लकब ही त्याच्या गोलंदाजीची वैशिष्ट्ये होत. डिझी डीन, बॉब फेलर या श्वेतवर्णीय गोलंदाजांच्या संघांविरुद्धचे त्याचे प्रदर्शनीय सामने विशेष गाजले. १९३८ मध्ये मेक्सिकोत त्याचा हात निकामी होण्याच्या बेतात होता. तथापि त्यातून सावरून त्याने १९४२ मध्ये कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाच्या विजेतेपदास मोठा हातभार लावला.

मोनार्क्समधील त्याचा तरुण सहकारी जॅकी रॉबिन्सन याने १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सतर्फे वर्णभेदाची भिंत ओलांडली. क्लीव्हलँड इंडियन्सचे मालक बिल व्हेक यांनी पेजला करारबद्ध केले, तेव्हा त्याचे वय ४२ होते. १९४८ च्या त्या हंगामात त्याच्या नावावर ६ विजय व १ पराभव नोंदला गेला. क्लीव्हलँडने जागतिक मालिका जिंकली आणि त्या मालिकेत गोलंदाजी करणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला. पुढे सेंट लुइस ब्राउन्सकडून (१९५१–५३) खेळताना दोनदा त्याची ऑल-स्टार सामन्यासाठी निवड झाली. १९६५ मध्ये, ५९ व्या वर्षी, कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सतर्फे त्याने बॉस्टन रेड सॉक्सविरुद्ध तीन डावांत एकही धाव दिली नाही.

१९७१ मध्ये कूपर्सटाउन येथील ‘हॉल ऑफ फेम’साठी त्याची निवड झाली. निग्रो लीगच्या खेळाडूंसाठी वेगळे दालन ठेवण्याचा मूळ बेत टीकेमुळे सोडून द्यावा लागला. १९२०–४८ या काळातील सात निग्रो लीगना २०२० मध्ये मेजर लीगचा दर्जा देण्यात आला व २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट झाली. मात्र पेजचे असंख्य सामने गावोगावच्या दौऱ्यांत झाले आणि त्यांची विश्वसनीय नोंद नाही. त्यामुळे त्याच्या उमेदीच्या वीस वर्षांचे पुरते मोजमाप आकड्यांत होऊ शकत नाही. कॅन्सस सिटी (मिझूरी) येथे त्याचे निधन झाले.