याद दोन घरांची, पावती कार्यालयाची

कुणी शेतातून येऊन, कुणी डाळ निवडता निवडता रेडिओजवळ बसला असाल. आज आम्ही लग्नाच्या मांडवाचा इतिहास सांगणार आहोत. मांडव दारातून उठून मंगल कार्यालयात गेला, तेव्हा आपल्या पैशाच्या व्यवहारात काय बदललं, ते बघायचं आहे. पण सुरुवात आमच्याच गटाच्या वहीतल्या एका नोंदीपासून करतो.

नोंद फेब्रुवारी 2020 ची आहे. "मुलीचे लग्न, कार्यालयाचा अॅडव्हान्स, रुपये 20,000." व्याज शेकडा दोन, हप्ते वीस. आमच्यातल्याच एकीनं हे कर्ज उचललं. लग्नाची तारीख 26 एप्रिल, म्हणजे अक्षय तृतीया. कार्यालय तालुक्याच्या गावी. बैठकीत आम्ही सगळ्यांनी हात वर करून कर्ज मंजूर केलं आणि कार्यालय कसं आहे, पाण्याची सोय आहे का, ताट कितीला पडतं, हे सगळं विचारलं. पावती मिळणार का, हे मात्र एकीनंही विचारलं नाही.

पुढे काय झालं ते सांगूच. आधी जरा मागे जाऊ.

आपल्या आज्यांची लग्नं दारातच झाली. मुहूर्तमेढ रोवायची, आंब्याच्या डहाळ्या बांधायच्या, भावकीतल्या घरांतून पाट, घागरी, परातीं गोळा करायच्या. मोठी पातेली देवळाची किंवा गावकीची असायची. वऱ्हाड बैलगाड्यांनी यायचं आणि त्याला उतरायला शेजारचा वाडा किंवा शाळा मिळायची, तोच जानवसा. लग्न तीन-चार दिवस चालायचं. जागेचे पैसे द्यायचा प्रश्नच नव्हता.

पण त्या लग्नाचं गोड कौतुक करताना एक विसरू नये. ते लग्न बायांच्या कंबरेवर उभं असायचं. पंधरा दिवस आधीपासून हळद दळायची, डाळी भरडायच्या, शेवया-पापड करायचे, पाणी शेंदायचं. नवरीच्या आईला मुलीच्या अक्षता बघायला चुलीपासून उठायला मिळेल की नाही, याची खात्री नसायची. शिवाय 1972 चा दुष्काळ आपल्या थोरल्या बायांना अजून आठवतो. पिण्याला पाणी नाही तिथं पंगतीला कुठून आणायचं? म्हणून रस्ते झाले, गाड्या आल्या, पाहुण्यांची संख्या वाढली, तसं तालुक्याच्या गावचं कार्यालय लोकांना सोयीचं वाटू लागलं. मुस्लिम भगिनींकडे शादीखाना आला. आचारी आला, नळ आला, बायांना मोकळा श्वास आला. आम्ही कार्यालयाला नावं ठेवणार नाही.

बदललं ते एवढंच, की भावकीच्या जागी धंदा आला आणि आपण मात्र भावकीसारखाच शब्दावर विश्वास ठेवत राहिलो.

आता गंमत बघा. लिहून घेणं आपल्याला नवं नाही. सोयरीक जुळली की दोन्हीकडची जाणती माणसं बसून याद करतात. बस्ता कुणाचा, मंडप कुणाचा, जेवण कुणाचं, नवरदेवाचा पोशाख कुणाचा, हे सगळं कागदावर येतं. कागदाला हळद-कुंकू लागतं, तो मोठ्यानं वाचला जातो, दोन्हीकडच्या सह्या होतात. उद्या जी माणसं व्याही म्हणून आयुष्यभर नात्यात राहणार, त्यांच्यात आपण कागद करतो. शेताचा सौदा झाला तर इसार पावती करतो. आणि ज्या कार्यालयवाल्याशी आपलं नातं एका दिवसाचं, त्याला वीस-पंचवीस हजार रुपये नुसत्या शब्दावर देऊन येतो.

याला एक कारण आहे. वाजंत्र्याला, आचाऱ्याला सुपारी द्यायची आपली जुनी रीत. सुपारी म्हणजे शब्द. आचारी पंचक्रोशीतला असायचा. त्यानं शब्द मोडला तर दुसऱ्या दिवशी बाजारात भेटायचा. रक्कमही लहान असायची. कार्यालयाची रक्कम मोठी, माणूस अनोळखी, आणि अनेकदा जागा एकाची, चालवणारा दुसराच.

मग 2020 साल आलं. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला. 25 मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. लग्नसराईची कार्यालयं कुलूपबंद झाली. मे महिन्यात लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. जूनअखेर थोडी मोकळीक मिळते न मिळते, तोच 1 जुलैला आषाढी एकादशी आली आणि चातुर्मास लागला. त्या वर्षी अधिक अश्विन होता, म्हणून चातुर्मासही पाच महिन्यांचा झाला. दिवाळीनंतर कुठं मुहूर्त निघाले. लोक सावरत होते तोवर दुसरी लाट आली. 22 एप्रिल 2021 पासून राज्यात लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी उरली. नियम मोडला तर पन्नास हजार दंड.

आमच्या मैत्रिणीनं मुलीचं लग्न डिसेंबर 2020 मध्ये दारातच उरकलं. पन्नास माणसं, घरचा स्वयंपाक. अॅडव्हान्स मागायला गेली तर कार्यालयवाला म्हणाला, "पैसे कुठं जातात बाई? धाकटीच्या लग्नाला धरा." तिला ते पटलं. आम्हालाही पटलं. 2021 च्या उन्हाळ्यानंतर ते कार्यालय पुन्हा उघडलंच नाही. आता तिथं सोयाबीनची पोती असतात. जागामालक म्हणतो, "मी फक्त भाडं घेत होतो, तुमचे पैसे मी पाहिले नाहीत." चालवणारा म्हणतो, "ते भाड्यात आणि लाईट बिलात गेले." त्याचंही खोटं नसेल. दोन हंगाम रिकामे गेल्यावर तोही बुडालाच होता.

आम्ही पाच जणी तिच्याबरोबर वकिलाकडे गेलो. तिनं बटव्यातून चिठ्ठी काढली. कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेलं, "20,000 जमा" आणि तारीख. वकिलानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "यावर घेणाऱ्याचं नाव कुठं आहे?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. शेवटी चार माणसं मध्ये घालून सहा हजार परत मिळाले. चौदा हजार गेले ते गेले. गटाचे हप्ते मात्र तिनं वीसच्या वीस फेडले. ज्या पैशावर एक पंगत उठली नाही, त्याचं व्याज तिनं खुरप्याच्या मजुरीतून भरलं. तो शेवटचा हप्ता वहीत लिहिताना आमची मान खाली होती.

कायदा तिच्या बाजूनं होता, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. आणि हा कायदा आजचा नाही. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. तेव्हा आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आपल्याकडे तो पुढे आला. त्याचं कलम 56 सांगतं, की ठरलेली गोष्ट करणं पुढे अशक्य किंवा बेकायदा झालं तर करारच संपतो. कलम 65 सांगतं, की असा करार संपल्यावर ज्यानं जे घेतलं असेल, ते त्यानं परत करावं किंवा त्याची भरपाई द्यावी. म्हणजे सरकारी हुकमानं कार्यालय बंद राहिलं तर दोष दोघांचाही नाही, पण पैसे ठेवून घेता येत नाहीत.

हा कायदा करणाऱ्या इंग्रजांच्या स्वतःच्या देशात वेगळंच चाललं होतं. 1902 च्या जून महिन्यात लंडनमध्ये राजाच्या राज्याभिषेकाची मिरवणूक निघायची होती. ती बघायला लोकांनी रस्त्यावरच्या खोल्या भाड्यानं धरल्या. एकानं दोन दिवसांसाठी 75 पौंड ठरवले आणि 25 पौंड आधी दिले. राजा आजारी पडला, मिरवणूक लांबली. 1903 मध्ये कोर्टानं सांगितलं, की राहिलेले पैसे द्यायची गरज नाही. पण आधी दिलेले पैसे परत मिळायची सोय तिथं पुढे कितीतरी वर्षं नव्हती. त्यासाठीचा कायदा 1943 मध्ये झाला. आपल्या कायद्यात ती सोय आधीपासून लिहिलेली आहे. आपल्या हातात कागद नसतो, ही आपली अडचण.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. लग्न आपल्याच कारणानं मोडलं किंवा तारीख आपणच बदलली, तर गोष्ट वेगळी. तेव्हा काय ठरलं होतं ते बघितलं जातं. म्हणून तेही आधीच लिहिलेलं असावं.

पूर्वी अशा पैशासाठी दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागायची. ग्राहकाचं गाऱ्हाणं ऐकायला वेगळी जागा हवी, यासाठी आपल्या राज्यात खूप जणांनी खटपट केली. 1972 मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बाया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. 1974 मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. 24 डिसेंबर 1986 ला ग्राहक संरक्षण कायद्यावर सही झाली. म्हणून तो दिवस ग्राहक दिन. आताचा कायदा 2019 चा, तो 20 जुलै 2020 पासून लागू आहे. त्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार देता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची, म्हणून "पुढच्या वर्षी बघू" यात दिवस घालवू नका. कुठं सुरुवात करावी कळत नसेल तर 1915 हा ग्राहकांचा सरकारी मदत क्रमांक आहे. कोरोनानंतर देशात काही ठिकाणी ग्राहक आयोगांनी हॉलचे पैसे परत करायला लावले. ज्यांच्याजवळ पुरावा होता, त्यांचं बोलणं तिथं उभं राहिलं.

तेव्हापासून आमच्या गटानं एक ठराव केला आहे. लग्नाच्या अॅडव्हान्ससाठी कर्ज हवं असेल, तर पुढच्या बैठकीत पावती दाखवायची. पावतीवर कार्यालयाचं नाव, पैसे घेणाऱ्याचं पूर्ण नाव आणि सही, तो मालक आहे की भाडेकरू, लग्नाची तारीख, रक्कम, आणि कार्यालय बंद पडलं तर पैसे किती दिवसांत परत, एवढं हवंच. पाच हजारांच्या वर रोख दिले तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून घ्यायचा. जमेल तिथं पैसे खात्यावरच पाठवायचे, म्हणजे बँकेत नोंद राहते. आणि सगळी रक्कम एकदम द्यायची नाही.

आणखी एक. आपल्यातल्या काही गटांनी मंडपाचा, भांड्यांचा, स्वयंपाकाचा धंदा धरला आहे. तेही अॅडव्हान्स घेतात. तेव्हा पावती देणाऱ्या आपणच असतो. समोरच्या बाईनं मागायच्या आधी ती तिच्या हातात ठेवा.

आमच्या मैत्रिणीच्या धाकटीची याद मागच्या वर्षी झाली. हळद-कुंकू लावलेला तो कागद तिनं घडी करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात पैसे भरायला गेली. कार्यालयवाला म्हणाला, "पावती कशाला मावशी, आपण घरचेच आहोत." ती म्हणाली, "घरच्यांचा तर आम्ही कालच कागद केला." आणि पावती मिळेपर्यंत खुर्चीवरून उठली नाही.