अंजनेरीचे कंदीलपुष्प

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना लागणारा अंजनेरी गड भाविकांना हनुमानाचे जन्मस्थान म्हणून ठाऊक आहे. इतिहासाचे अभ्यासक त्याच्या पायथ्याच्या गावाला ओळखतात, ते भोगशक्तीच्या आठव्या शतकातील ताम्रपटांमुळे आणि यादवकालीन जैन मंदिरांमुळे. याच डोंगरावरच्या एका कंदीलपुष्पाची शास्त्रीय नोंद मात्र थेट २००६ मध्ये झाली. मालपुरे, कांबळे आणि श्रीरंग यादव यांनी त्याला 'सेरोपेजिया अंजनेरिका' असे नाव दिले.

'सेरोपेजिया' ही प्रजाती लिनियसने १७५३ मध्येच नोंदवली होती. मराठीत तिच्या वनस्पतींना खर्पुडीही म्हणतात. फुलाची नळी हा माशीसाठी सापळाच असतो. आतले केस तिला अडवून धरतात. ते सुकले की ती परागपुंज घेऊन सुटते. पावसाळा सरला की झाड वाळते आणि कंद मातीखाली निजून राहतो. खडकावर मातीचा थर तो केवढा! रस्ता, चर किंवा वृक्षारोपणाचा खड्डा त्याला पुरतो.

२०१७ मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. तरीही २०२१ मध्ये गडावर गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव चर्चेत आला आणि निसर्गप्रेमींनी त्याला विरोध केला. असे प्रस्ताव कोरड्या दिवसांत पाहणी करून ठरले, तर पठार ओसाडच दिसणार. पाहणी श्रावण-भाद्रपदातच व्हायला हवी. ताम्रपट संग्रहालयात जपता येतो. या फुलाला त्याची माशी आणि त्याचा डोंगरच लागतो.