कारवीची मुदत ठेव

पवईचा इतिहास म्हणजे लागवडीचा इतिहास, आणि लावणाऱ्या प्रत्येकाला परताव्याची घाई! १७९९ साली कंपनी सरकारने हे गाव डॉ. स्कॉट यांना दिले. १८२९ साली ते फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी शेटजींकडे आले. शेटजींचा उत्साह दांडगा. त्यांनी ऊस लावला, नीळ लावली, रेशमासाठी तुती लावली. १८३८ साली तर थेट व्हिक्टोरिया राणीला आंबे धाडले. ते कसे लागले ते राणीलाच ठाऊक. १८९१ साली पालिकेने तलाव बांधला, पण त्याचे पाणी काही पिण्यालायक ठरले नाही. पुढे इथे इंजिनियर पिकू लागले. पीक उत्तम, पण बरेचसे परदेशी जाते.

या धांदलीत उत्तरेच्या डोंगरांत, हल्लीच्या राष्ट्रीय उद्यानात, एक खातेदार स्वस्थ बसून होता. त्याचे नाव कारवी.

कारवी म्हणजे अस्सल मुदत ठेव. बी पावसात रुजते, झुडूप दरसाल वाढते, पण फुलाचे नाव नाही! पुस्तके सात वर्षे म्हणतात. बोरिवलीकडे ती २००८ नंतर एकदम २०१६ साली फुलली, म्हणजे आठ. एवढी सवलत आम्ही बँकवालेही देतो. मुदत भरली की डोंगरच्या डोंगर जांभळे होतात, आणि मधमाश्यांची अशी झुंबड उडते, की पहिल्या तारखेला पेन्शनरांची उडणार नाही. मग झुडूप वाळते, बोंडे तडकतात, बी उडते आणि पुढच्या पावसात नवी ठेव सुरू! शिवाय कारवीच्या काठ्यांच्या कुडावर कितीतरी घरे उभी राहिली, तो बोनस वेगळा.

आमच्या सोसायटीत मी कारवीचे बी पेरायचे सुचवले.

"फुलणार कधी?" चिटणीसांनी विचारले.

"सात-आठ वर्षांनी."

"अहो, कमिटीची मुदतच पाच वर्षांची!"

झाले, दुहेरी पाकळ्यांची विलायती फुले आली. त्यांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या. मधमाशी आत डोकावते, 'शिल्लक नाही' असे वाचते आणि परत फिरते.

बँकेतली ठेव मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळते, मुद्दल तरी हाती येते. कारवीचे तसे नाही. सहाव्या वर्षी डोंगर खणला, तर बी धरायच्या आधीच खातेदार जातो, मुद्दलासकट. आणि वारस म्हणून खिडकीशी येतात त्या फक्त मधमाश्या.