अंगठा

भाऊबीजेला ओवाळणीच्या ताम्हनात पडलेला पैसा कोणाचा, हा प्रश्न आमच्या घरी कधी कोणी विचारला नाही. आजीची ओवाळणी आजीची. ती मोहरीच्या डब्यात अगदी तळाशी जायची, आणि एरवी घरातल्या दाण्यादाण्याचा हिशेब ठेवणारे आमचे आजोबा त्या डब्याला कधी हात लावीत नसत. हीच आजी वर्षभर दोन म्हशींचे शेण काढी, वैरण घाली, धार काढी. त्या दुधाचे पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला आजोबांच्या कोटाच्या खिशात जात. यात काही वावगे आहे असे तिलाही वाटत नसे. आम्हा पोरांना कुठून वाटणार?

पुढे धर्मशास्त्राची पाने चाळताना हा न्याय किती जुना आहे ते कळले. कात्यायनाची स्मृती आज समग्र मिळत नाही. निरनिराळ्या निबंधकारांनी उद्धृत केलेली तिची वचने म. म. पां. वा. काणे यांनी १९३३ साली एकत्र करून छापली. स्त्रीधनाविषयी कात्यायन मोठ्या बारकाईने बोलतो. विवाहसमयी अग्नीसमोर मिळालेले, सासरी निघताना मिळालेले, आईबापांनी आणि भावांनी मायेने दिलेले, ते सारे स्त्रीचे. पण तिने स्वतःच्या कलाकौशल्याने जे मिळवले, त्यावर सत्ता नवऱ्याची! म्हणजे दिलेले तिचे आणि कमावलेले त्याचे. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत स्त्रीधनाचा अर्थ बराच ऐसपैस केला, हे खरे. परंतु आजोबांचा कोट कात्यायनाच्या पक्षाचा होता.

खेड्यातल्या बाईला कमाईची प्रेरणा द्यायला हवी, असे भाषणांतून ऐकले की मला म्हणूनच हसू येते. खुरपणी, काढणी, दूध, अंडी, गवताचे भारे – ती कमावीतच आली आहे. अडले होते ते पुढे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने, त्याच्या १४ व्या कलमात, स्त्रीने आपल्या कौशल्याने वा श्रमाने मिळवलेली मालमत्ताही पूर्णपणे तिचीच, असे स्पष्ट म्हटले. कात्यायनाचा निवाडा कागदावर तरी फिरला. आमच्या गावात त्याची वार्ता पोचली नाही.

वार्ता पोचली ती दुष्काळाच्या वाटेने. १९७२ चा दुष्काळ मी शाळकरी वयात पाहिला. लाल मिलोच्या भाकरी, सुकडी, आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायांची रांग, एवढे डोळ्यांपुढून हलत नाही. त्या सुमारास महाराष्ट्राने रोजगार हमी योजना हाती घेतली. तिची मूळ कल्पना वि. स. पागे यांची, पुढे १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. १८७६-७७ च्या दुष्काळात इंग्रज सरकारच्या कामांवर बाईचा दर पुरुषाहून कमी ठरलेला असे. रोजगार हमीत मजुरी कामाच्या मापावर, आणि मापाला बाई-पुरुष हा भेद नाही. मस्टरवर तिचे नाव, नावापुढे तिचा अंगठा. मजुरी घर येईपर्यंत तिच्या हाती राहिली की नाही, ही गोष्ट निराळी. पण सरकारी कागदावर तिची कमाई तिच्या नावाने लिहिली गेली, हे काही थोडे नव्हे.

या अंगठ्याची पुढची कथा सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला घडली. व्यंकटेश माडगूळकरांमुळे माणदेश मराठी वाचकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. पाऊस तिथे पाहुण्यासारखा येतो. मुंबईत वाढलेल्या, जयप्रकाशांच्या आंदोलनातून आलेल्या चेतना सिन्हा लग्नानंतर तिथे स्थायिक झाल्या. उघड्यावर राहून लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्यापूर्वी झोपडीवर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यावा म्हणून तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते, आणि एवढ्या चिल्लर रकमेचे खाते उघडायला बँका तयार नव्हत्या. मग बायकांचीच सहकारी बँक काढायचे ठरले.

रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. कारण, प्रवर्तक सभासदांनी सह्यांऐवजी अंगठे उठवलेले! बायका लिहावाचायला शिकू लागल्या आणि काही महिन्यांनी थेट मुंबईच्या त्या कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, त्यात आमचा काय दोष, असे त्यांनी विचारले. शिवाय असे सुचवले, की कोणत्याही रकमेचे व्याज आम्हाला तोंडी विचारा, तेच यंत्रावाचून तुमच्या अधिकाऱ्यांनाही विचारा, आणि आधी कोण सांगतो ते पाहा. आठवडी बाजारात पै-पैचा हिशेब तोंडी करीत आलेल्या बाईला व्याजाची कसली भीती? १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. एक दिवसाची मजुरी बुडवून बँकेत येणे बायकांना परवडेना, तेव्हा बँकच त्यांच्या दारी जाऊ लागली.

काही वर्षांनी यंत्रयुग आले. पैसे काढायला प्रत्येकीला गुप्त आकडा द्यावा, असे बँकेच्या मनात होते. बायकांनी साफ नकार दिला. आकडा काय, घरचा कोणीही काढून घेईल आणि पाठोपाठ पैसेही काढील. त्यांना अंगठाच हवा होता. अंगठा कोणाला चोरून नेता येत नाही. बँकेने ते मानले, आणि ज्या अंगठ्यापायी परवाना अडला होता, त्याच अंगठ्याच्या ठशावर खाते उघडणारी सोय केली.