प्रणाली-फायलींची दुरुस्ती

विंडोज, लिनक्स यांसारखी ऑपरेटिंग सिस्टिम संगणकाच्या स्मृतीत उतरवणाऱ्या व पुढे तिचा कारभार चालवणाऱ्या फायलींना प्रणाली-फायली म्हणतात. त्यांपैकी एखादी खराब झाल्याने संगणक सुरूच होत नसेल, तर तिच्या जागी निर्दोष प्रत बसवणे हे या दुरुस्तीचे स्वरूप होय. बिघडलेल्या फायलीतील मूळ मजकूर काय होता हे तिच्याकडे पाहून ठरवता येत नाही. त्यामुळे खात्रीची प्रत कोठून मिळवायची, हाच या कामातील मुख्य प्रश्न असतो.

संगणक चालू करताच मदरबोर्डवरील यूईएफआय हा कायमचा बसवलेला कार्यक्रम डिस्कच्या एका लहान विभागातून बूट मॅनेजर उचलतो. बूट मॅनेजर आपल्या नोंदींवरून विंडोजचा ठिकाणा काढून लोडरला बोलावतो. आणि लोडर कर्नल, म्हणजे हार्डवेअरवर थेट ताबा असलेला गाभा, तसेच रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या मांडणीचा नोंदसंग्रह, व सुरुवातीलाच लागणारे ड्रायव्हर, म्हणजे उपकरणे चालवणारे कार्यक्रम, स्मृतीत आणतो. बूट साधन सापडत नसल्याचा संदेश आला तर दोष बहुधा डिस्कमध्ये किंवा आरंभीच्या विभागात असतो, तर विंडोजचे चिन्ह दिसल्यावर निळा पडदा आला तर संशय ड्रायव्हर वा कर्नलकडे जातो.

फायली खराब होण्याच्या कारणांत अर्धवट राहिलेले अपडेट, झिजलेली डिस्क व अचानक गेलेली वीज ही प्रमुख आहेत. उदाहरणार्थ, तमिळनाडूत कावेरीच्या मुखप्रदेशातील तंजावूर जिल्ह्यात तिसऱ्या कारणाला विशेष महत्त्व आहे. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी आलेल्या गज चक्रीवादळाने पट्टुकोट्टै, ओरत्तनाडू या भागांतील विजेचे खांब मोठ्या प्रमाणावर पाडले होते, आणि वादळ नसतानाही यूपीएसविना चालणारा संगणक लिहिणे सुरू असताना बंद पडू शकतो. विंडोजची एनटीएफएस ही फाईल-व्यवस्था फायलींची नावे, जागा इत्यादी नोंदी आधी रोजनिशीत टिपून ठेवते, त्यामुळे नोंदींचा सांगाडा सहसा वाचतो. पण फायलीच्या आतील मजकुराची अशी हमी ती देत नाही.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी डिस्कची प्रकृती तपासणे आणि वापरकर्त्याच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेणे अत्यावश्यक आहे. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर विंडोजच्या चेकडिस्क या साधनाची सखोल तपासणी चालवली, तर तिच्यावरील ताण वाढून वाचण्याजोगा मजकूरही हातचा जाऊ शकतो. दुकानांतून सर्रास सुचवला जाणारा ‘फॉरमॅट मारण्याचा’ उपाय येथे सर्वाधिक घातक ठरतो. विंडोजच्या फायली जगभर सारख्याच असून त्या पुन्हा मिळवता येतात. पण तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रांवर काम करणाऱ्या अभ्यासकाने वर्षानुवर्षे केलेले लिप्यंतर एकाच डिस्कवर असेल, तर त्याची प्रत जगात कोठेही नसते.

विंडोज लागोपाठ सुरू होण्यात अपयशी ठरली, की सामान्यतः विन-आरई हे दुरुस्तीचे स्वतंत्र वातावरण आपोआप उघडते. तसे न झाल्यास त्याच आवृत्तीच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून तेथे पोहोचता येते. तेथील सिस्टिम फाईल चेकर (एसएफसी) प्रत्येक संरक्षित फायलीची अंकमुद्रा, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली ओळख, पडताळून पाहतो आणि तफावत आढळल्यास विन-एसएक्सएस या घटक-भांडारातील प्रत तिच्या जागी ठेवतो. या वातावरणात डिस्कची अक्षरे बदललेली असू शकतात. एरवी ‘सी’ असलेला विभाग ‘डी’ म्हणून दिसतो, आणि त्यामुळे आज्ञेत बंद विंडोजचा नेमका पत्ता द्यावा लागतो. भांडारच बिघडले असेल तर डिझम या साधनाला पेनड्राइव्हवरील प्रत दाखवून आधी भांडार भरून घ्यावे लागते व नंतर एसएफसी पुन्हा चालवावा लागतो. रजिस्ट्रीची सुटका याहून अवघड आहे, कारण विंडोज १०च्या १८०३ या आवृत्तीपासून रेगबॅक फोल्डरात तिची आपोआप होणारी राखीव प्रत मूळ मांडणीत बंद करण्यात आली.

तमिळनाडू सरकारने २०११ मध्ये सुरू केलेल्या मोफत लॅपटॉप योजनेतून तंजावूरसह राज्यभरच्या विद्यार्थ्यांना एल्कॉट या सरकारी कंपनीमार्फत लॅपटॉप मिळाले, आणि त्यांत विंडोजबरोबर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने डेबियन या लिनक्सच्या आधारे घडवलेली बॉस लिनक्सही देण्यात आली होती. एकाच यंत्रातील ही दुसरी प्रणाली दुरुस्तीच्या दृष्टीने मोलाची होती: बूट मॅनेजर शाबूत असेल, तर विंडोज बंद असतानाही बॉसमधून तिचा विभाग उघडून फायली उतरवता येतात. मात्र विंडोज सुप्तावस्थेत बंद झालेली असल्यास तो विभाग फक्त वाचनासाठीच उघडावा लागतो. उलट बॉसच बिघडली, तर पेनड्राइव्हवरील लिनक्समधून एफएससीके या साधनाने फाईल-व्यवस्था तपासून, बिघडलेल्या प्रणालीत क्रूट आज्ञेने शिरून सदोष पॅकेज पुन्हा बसवता येते.

फाईल डिस्कवर नीट उतरूनही मुळातच सदोष असू शकते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठवलेल्या अशा एका फायलीमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली आणि भारतातील विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने ७८ मिनिटांत ती फाईल मागे घेतली. परंतु सुरूच न होणाऱ्या संगणकापर्यंत नवी फाईल पोहोचत नसल्याने असंख्य यंत्रांपाशी माणूस बसवून, सेफ मोडमध्ये किंवा विन-आरईमध्ये जाऊन ती हाताने पुसावी लागली, आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तेथे त्याआधी ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली शोधावी लागली.